एकाच पेटीतली दोन मशिनं आणि ९४७ चा आकडा

नाशिकमधलं एक सर्वेक्षणाचं ऑफिस. शेतं, कालवे, दगडखाणी यांच्यावरून ड्रोन उडवायचा, हजारो फोटो काढायचे आणि ते जुळवून जमिनीचा नकाशा नि चढउतार काढायचे, हा त्यांचा धंदा. एका मोठ्या कामाचे फोटो ४०० जीबीच्या घरात जातात. हे सगळं पेलायला दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरचा, एक सर्व्हर घेतलेला, त्यावर प्रॉक्समॉक्स ही एका सर्व्हरचे अनेक संगणक करणारी प्रणाली आणि त्यात पाच-सहा व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक.

आपल्या कामाची त्यातली दोनच. पहिलं लिनक्सवरचं फाइल सर्व्हर. फील्डवरून आलेली मेमरी कार्डं ऑफिसातल्या संगणकांवर रिकामी होतात आणि फोटो सांबाच्या (लिनक्सवरच्या फायली विंडोजला खुल्या करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) शेअरमधून या मशीनमध्ये येऊन पडतात. दुसरं विंडोजचं, त्याला ग्राफिक्स कार्ड थेट जोडून दिलेलं. फोटो जुळवायचं सॉफ्टवेअर त्यात चालतं. जुळवणी सुरू करण्याआधी फोटो फाइल सर्व्हरवरून विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर आणायचे, आणि याच पायरीला तासभर लागायचा. कॉपीच्या खिडकीत वेग ११२ एमबी प्रति सेकंद, सकाळी तोच, रात्रीही तोच.

मला बोलावलं तेव्हा मालकांनी बसल्या बसल्या विचारलं, "दोन्ही मशिनं एकाच पेटीत आहेत ना? मग माजघरातून ओटीवर यायला तास का लागावा?" प्रश्न रास्त होता. टेबलावर १० गिगाबिटच्या स्विचचं कोटेशनही पडलेलं होतं. पुरवठादाराने सांगितलं होतं, स्विच बदला, वेग दहापट होईल. मालकांना शंका एवढीच होती की एका पेटीतल्या दोन मशिनांच्या मध्ये स्विच येतोच कुठे.

ऑफिसातला संगणक सांभाळणारा मुलगा हुशार आहे. त्याने माझ्या आधी बरंच करून पाहिलं होतं: पॅकेटचा आकार १५०० वरून ९००० केला, कॉपी मधेच अडकायला लागली म्हणून परत १५०० केला. नेटकार्डाच्या 'ऑफलोड' नावाच्या सोयी कुठल्याशा सल्ल्यावरून बंद केल्या. सांबाच्या सेटिंगमध्ये बफरचे आकडे वाढवले. वेग ११२ चा ११२ च राहिला. मला यातच पहिला धागा दिसला. इतकं सगळं हलवूनही जो आकडा तसूभर हलत नाही, त्याला धरून ठेवणारी गोष्ट हलवलेल्यांपैकी नसते.

आकडा काय सांगतो

फाइल कॉपी करून नेटवर्कचा वेग मोजू नये. त्यात डिस्क, सांबा, अँटिव्हायरस सगळ्यांचे हात लागलेले असतात. म्हणून आधी आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन लावलं. ते मेमरीतून मेमरीत नुसते बाइट ढकलतं. उत्तर आलं सेकंदाला ९४७ मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट). पुन्हा लावलं, ९४६. परत ९४७.

ज्याने गिगाबिट केबलींवर काही वर्षं काढली आहेत त्याला हा आकडा ओळखीचा वाटतो. इथरनेटच्या तारेवर पूर्ण भरलेलं एक पॅकेट १५३८ बाइटची जागा खातं: १५०० आतला माल, १४ चं शीर्षक, ४ ची तपासणी-बेरीज, ८ ची सुरुवातीची खूण आणि दोन पॅकेटांमधलं १२ बाइटचं सक्तीचं अंतर. व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवर जाळ्याचे वेगळे कप्पे पाडायचा, टॅग असेल तर आणखी ४, म्हणजे १५४२. यात खरा डेटा १४६० बाइट, कारण आयपी आणि टीसीपीची शीर्षकं २०-२० बाइट घेतात. १४६० ला १५४२ ने भागा: ०.९४७. म्हणजे हजार मेगाबिटच्या तारेवर टॅग लावून वाहणाऱ्या टीसीपीची कमाल मर्यादा ९४७. दोन्हीकडे लिनक्स असतं तर टीसीपीच्या वेळ-नोंदीचे आणखी १२ बाइट गेले असते आणि आकडा ९३९ च्या आसपास आला असता. विंडोज त्या नोंदी सहसा लावत नाही.

आता गंमत बघा. व्हर्च्युअल नेटकार्डाला तार नसते. दोन पॅकेटांमध्ये १२ बाइटचं अंतर सोडायला त्याला कुणी सांगत नाही. विंडोजमध्ये त्या कार्डापुढे '१ गिगाबिट' असं लिहून येतं, पण ती नुसती पाटी आहे. हे कार्ड उभं करणारा प्रोग्रॅम, क्यूईएमयू, त्या वेगावर कार्डाला अडवत नाही. मग खऱ्या तारेच्या गणिताशी शेवटच्या अंकापर्यंत जुळणारा आकडा आला कुठून? खऱ्या तारेतूनच.

विंडोजवरून फाइल सर्व्हरकडे ट्रेसर्ट, म्हणजे वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा, मारलं. एकाच पेटीत, एकाच ब्रिजवर (पेटीच्या आतल्या व्हर्च्युअल स्विचवर) असलेल्या दोन मशिनांमध्ये एकच टप्पा दिसायला हवा. दिसले दोन. पहिला टप्पा १९२.१६८.१०.१, म्हणजे भिंतीवरच्या रॅकमधला लेअर-३ (रूटरचंही काम करणारा) स्विच, आणि दुसरा १९२.१६८.२०.५, म्हणजे फाइल सर्व्हर. विंडोज व्हीलॅन १० मध्ये, फाइल सर्व्हर व्हीलॅन २० मध्ये. वेगळ्या सबनेटमधल्या, म्हणजे पत्त्यांच्या वेगळ्या गटातल्या, पत्त्याकडे जायचं तर पॅकेट आधी गेटवेकडे, म्हणजे गटाबाहेर नेणाऱ्या दाराकडे, जाणार, आणि गेटवे पेटीच्या बाहेर. प्रत्येक फोटोचा प्रत्येक बाइट सर्व्हरमधून निघून केबलने स्विचपर्यंत जात होता, तिथे एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात ढकलला जात होता आणि त्याच केबलने त्याच सर्व्हरमध्ये परत येत होता. ओटीवर यायला नाशिकरोडला वळसा.

मुलाचा विश्वास बसेना. "पण दादा, दोघं एकाच ब्रिजला जोडलेत, मी स्वतः पाहिलंय." त्याचं खरं होतं. ब्रिज एकच होता, व्हीलॅनचे टॅग दोन होते. ब्रिज पत्ता पाहून पॅकेट पोचवतो, पण एका व्हीलॅनमधलं दुसऱ्यात नेत नाही. ते रूटरचं काम.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत, बाकी कुणी काम करत नाही असं बघून, १० जीबीची एक फाइल कॉपीला लावली आणि सर्व्हरच्या मागची केबल उपटली. कॉपी जागच्या जागी थांबली. केबल परत लावली, थोड्या वेळाने पुढे सरकली. मालक दारात उभे राहून बघत होते. त्यानंतर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

वेगळी वाट काढणं

सोपा उपाय म्हणजे दोन्ही मशिनं एकाच व्हीलॅनमध्ये टाकणं. तो मी नाकारला. फाइल सर्व्हर मुद्दाम वेगळं ठेवलेलं होतं. ऑफिसातल्या एखाद्या संगणकात फायली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला तर तो सहज तिथवर पोचू नये, हा हेतू शहाणपणाचा होता. वेगासाठी भिंत पाडण्यापेक्षा दोन खोल्यांमध्ये एक छोटं दार बरं.

प्रॉक्समॉक्सवर दुसरा ब्रिज काढला, ज्याला एकही खरं पोर्ट जोडलेलं नाही. पेटीच्या आतच जन्म, आतच मरण. दोन्ही मशिनांना त्यावर एकेक जादा नेटकार्ड दिलं, १०.५०.०.० च्या सबनेटमधले पत्ते दिले आणि गेटवेची जागा रिकामी सोडली. बाहेरचं सगळं जुन्या कार्डाने, आपापसातलं नव्याने.

इथे दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. गेटवे नसलेलं जाळं विंडोजला अनोळखी वाटतं. ते त्याला 'पब्लिक' ठरवतं आणि त्याचं फायरवॉल आत येणारं सगळं अडवतं. आपण बसतो ब्रिज तपासत. दुसरं, शेअर नावाने जोडलेला होता आणि नाव जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत होतं. नवं दार उघडं असून माणसं जुन्याच रस्त्याने ये-जा करत राहिली. विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये नाव नव्या पत्त्याला बांधलं तेव्हा वाट बदलली.

ही वाट स्विचच्या नियमांना टाळून जाते, हे विसरून चालत नाही. म्हणून फाइल सर्व्हरच्या आतच नव्या कार्डावर फक्त सांबाचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं ठेवलं (मोजणीपुरतं मोजायच्या साधनाचंही), बाकी बंद. प्रॉक्समॉक्समध्ये नेटकार्डापुढे फायरवॉलची जी खूण असते, ती या कार्डांवर काढून टाकली. ती असली की प्रत्येक कार्डासाठी मधे आणखी एक छोटा ब्रिज उभा राहतो, आणि पॅकेटांना एक नाका वाढतो.

आता मोजलं. १.४ गिगाबिट, तेही वरखाली होणारे.

मुलाचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. ९४७ चा खुंटा उपटला गेला होता आणि आता जे दिसत होतं ती पुढची अडचण होती. होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, टॉप (प्रोसेसर कोण खातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून पाहिलं: विंडोजच्या मशीनचा एक धागा (थ्रेड) एका कोरला शंभर टक्के चिकटलेला.

नकली कार्डाचं नाटक

प्रॉक्समॉक्समध्ये विंडोजचं मशीन बनवताना नेटकार्डाचा प्रकार ई१००० निवडलेला होता. त्याचं एक कारण असतं: ते कार्ड विंडोज जन्मतः ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ई१००० म्हणजे इंटेलच्या ८२५४०ईएम या जुन्या गिगाबिट चिपची हुबेहूब नक्कल. ड्रायव्हरला वाटतं आपण खऱ्या चिपशी बोलतोय. पॅकेट तयार झालं की तो चिपच्या एका रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. चिप अस्तित्वातच नसल्यामुळे त्या क्षणी प्रोसेसरला व्हर्च्युअल मशीन थांबवून होस्टमध्ये यावं लागतं, क्यूईएमयू चिपची भूमिका वठवतो आणि मशीन पुन्हा सुरू होतं. इंटरप्टचं कारण वाचायचं तरी हेच. सेकंदाला लाखभर पॅकेटं गेली की हे ये-जा करणंच मुख्य काम होऊन बसतं.

व्हर्टआयओ हा नेटकार्डाचा दुसरा प्रकार हे नाटक करत नाही. ही मांडणी लिनक्सचे विकासक रस्टी रसेल यांची, २००८ च्या सुरुवातीला आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती दाखल झाली. तिच्यात पाहुण्या मशीनला ठाऊक असतं की आपण व्हर्च्युअल आहोत. दोघांच्या सामायिक मेमरीत एक गोल रांग असते. पाहुणा पॅकेटं रांगेत ठेवत जातो, यजमान उचलत जातो, आणि यजमान जागा असेपर्यंत त्याला दार ठोठावून उठवायची गरज पडत नाही. त्यावर २०१० मध्ये, २.६.३४ बरोबर, व्हीहोस्ट-नेट आलं. त्याने रांग उपसायचं काम क्यूईएमयूकडून काढून थेट होस्टच्या कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, दिलं. प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्टआयओ निवडलं की हे आपोआप येतं.

विंडोजला मात्र ड्रायव्हर हवा. व्हर्टआयओ-विनची आयएसओ (विंडोजसाठीच्या ड्रायव्हरांची डिस्क-प्रत) जोडली, त्यातला नेटकेव्हीएम ड्रायव्हर टाकला, नव्या कार्डाचा प्रकार बदलला. पत्ता द्यायला गेलो तर विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे, आणि ते कार्ड आत्ता जोडलेलं नाही. गेलेल्या कार्डाचं भूत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ते उपटावं लागतं.

मोजलं: ५ गिगाबिटच्या आसपास. होस्टवरचा ताण उतरला होता. पण नुसत्या मेमरीतून मेमरीत जाणाऱ्या वाटेला ५ म्हणजे मला कमी वाटले.

माझी चूक

इथून पुढचे दोन तास मी वाया घालवले. होस्टच्या सेटिंगा पाहिल्या, ब्रिजवरून जाणारी पॅकेटं आयपीटेबल्समधून, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधून, फिरवली जातात का तेही पाहिलं (काही ठिकाणी ब्रिज-नेटफिल्टर चालू असतं आणि प्रत्येक पॅकेटाची विनाकारण झडती होते, इथे नव्हतं). मोजायच्या साधनावरही संशय घेतला. तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण आयपर्फ३ ला विंडोजवर अधिकृत पाठिंबाच नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टचं एनटीटीटीसीपी घेतलं आणि लिनक्सवर त्याची जोडीदार आवृत्ती. आकडा थोडा बदलला, चित्र तेच.

मग फाइल सर्व्हरवर नव्या कार्डाचे ऑफलोड ईथटूलने, म्हणजे कार्डाची सेटिंगं दाखवणाऱ्या आज्ञेने, विचारले. टीएसओ बंद, जीएसओ बंद, जीआरओ बंद (पहिल्या दोन डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवायच्या सोयी, तिसरी आलेली पॅकेटं जोडायची). नवं कोरं कार्ड, मीच लावलेलं, आणि सगळं बंद?

नव्या कार्डाचा मजकूर लिहिताना मी इंटरफेसेस फाइलमधला जुन्या कार्डाचा परिच्छेद उचलून खाली चिकटवला होता आणि फक्त पत्ता बदलला होता. त्यातली शेवटची ओळ मुलाने पूर्वी टाकलेली: कार्ड वर आलं की सगळे ऑफलोड बंद कर. त्याची चूक मी जशीच्या तशी नव्या घरात नेली होती. विंडोजवरही त्याने आलेली पॅकेटं एकत्र करण्याची सोय, आरएससी, पूर्ण यंत्रणेसाठी बंद केलेली निघाली. ती बंदी कार्डागणिक नव्हती, त्यामुळे कार्ड बदलूनही सोय बंदच राहिली.

यांचा एवढा फरक का पडतो, हे एका पेटीतल्या मशिनांच्या बाबतीत नीट समजून घेण्यासारखं आहे. टीएसओ चालू असेल तर लिनक्स ६४ केबीपर्यंतचा एक सलग तुकडा कार्डाकडे देतं आणि सांगतं, १५०० च्या मापात तूच काप. खऱ्या कार्डात ती चिप कापते. व्हर्च्युअल कार्डात, समोरचं मशीन त्याच पेटीत असेल आणि त्यालाही मोठे तुकडे चालत असतील तर कापाकापी होतच नाही. तार लागत नाही, मग मापात कशासाठी कापायचं? तो अख्खा तुकडा ब्रिज ओलांडून पलीकडच्या मेमरीत उतरतो. तपासणी-बेरीजही कुणी करत नाही, कारण तारेत बिट बिघडण्याचा प्रश्न नाही. हे बंद केलं की त्याच ६४ केबीची पंचेचाळीसेक पॅकेटं होतात, आणि प्रत्येक पॅकेटाला रांग, ब्रिज, बेरीज, पोच हे सगळे सोपस्कार वेगळे. पोत्याने धान्य न्यायचं सोडून ओंजळीने नेण्यासारखं.

ऑफलोड बंद करायचा सल्ला पूर्णपणे निराधार नाही, हेही सांगायला हवं. काही खऱ्या कार्डांच्या ड्रायव्हरांत दोष असतात आणि तिथे तो उपाय चालतो. मशीन स्वतः रूटर किंवा पॅकेट टिपणारं असेल तरी काही सोयी बंद कराव्या लागतात. पण तो सल्ला कारण न पाहता इकडून तिकडे फिरतो आणि जिथे नको तिथे रुजतो.

ओळ काढली, आरएससी चालू केलं. १७ गिगाबिट.

यानंतर पॅकेटचा आकार ९००० करून पाहिला. मुलाची उत्सुकता होती, आणि आतल्या ब्रिजवर बाहेरचं कुणी नसल्यामुळे धोकाही नव्हता. फरक नगण्य. मोठे तुकडे तसेही अख्खे जात असतील तर वरच्या मापाने काय होणार? पूर्वी त्याची कॉपी का अडकली होती तेही सांगितलं: त्याने दोन्ही मशिनांवर ९००० केलं, ब्रिज आणि स्विच १५०० वरच. छोटा पिंग जातो, मोठं पॅकेट वाटेत गपकन नाहीसं होतं. परत १५०० वर आणून ठेवलं. जे लागत नाही ते सेटिंग ठेवू नये.

दोन सॉकेट

शेवटचा टप्पा दोन सॉकेटमुळे. सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची आपली मेमरी आणि आपलं कॅशे असतं. एक मशीन या सॉकेटवर आणि दुसरं त्या सॉकेटवर धावत असेल तर प्रत्येक बाइट दोघांमधला पूल ओलांडतो. लिनक्सचा शेड्यूलर कोर मोकळे बघून मशिनं इकडून तिकडे हलवत राहतो, म्हणून एकाच चाचणीचे आकडे कधी १७, कधी १३ येत होते.

ग्राफिक्स कार्ड कुठल्या सॉकेटच्या खाचेत आहे ते पाहिलं, विंडोजचं मशीन त्याच सॉकेटच्या कोरांना बांधलं, आणि फाइल सर्व्हरला त्याच सॉकेटचे चार कोर दिले. प्रॉक्समॉक्सच्या ७.३ पासून हे एका रकान्यात लिहून होतं. आकडा २१-२२ वर स्थिरावला. मला त्या वाढीपेक्षा स्थिरपणा जास्त आवडला.

अनेक रांगा, म्हणजे मल्टिक्यू, लावून पाहिल्या आणि सोडून दिल्या. एक टीसीपी जोडणी एकाच रांगेतून जाते. एक भली मोठी कॉपी करायची असेल तर चार रांगा असून तीन रिकाम्या. शंभर ग्राहक असलेल्या वेब सर्व्हरला त्या उपयोगी, इथे नाही. एसआर-आयओव्हीची, म्हणजे एकाच खऱ्या कार्डाचे वाटे करून ते मशिनांना थेट द्यायच्या सोयीची, गोष्ट मालकांनी कुठेतरी वाचली होती. त्यात पॅकेट खऱ्या कार्डाच्या आतल्या स्विचपर्यंत पीसीआय बसने जाऊन परत येतं. बाहेरच्या जगाशी बोलायला ते उत्तम. शेजाऱ्याशी बोलायला पुन्हा वळसाच.

आणि कॉपी?

सगळं झाल्यावर खरी कॉपी लावली. मुलगा २२ गिगाबिटला ८ ने भागून बसला होता: पावणेतीन जीबी प्रति सेकंद. खिडकीत आले ५०० एमबी.

तो हिरमुसला, पण हाही ओळखीचा आकडा. फाइल सर्व्हरच्या डिस्का साटा या जोडणीच्या एसएसडी. साटाचा वेग ६ गिगाबिट, त्यातल्या दर १० बिटांत डेटाचे ८, म्हणजे कागदावर ६०० एमबी आणि हातात साधारण साडेपाचशे. नेटवर्क आता डिस्कच्या पुष्कळ पुढे निघून गेलं होतं. ४०० जीबी, जिथे तास लागायचा तिथे चौदा मिनिटं.

मालकांनी घड्याळ पाहिलं, कोटेशन उचललं आणि विचारलं, "मग हा स्विच नको ना?" या दोन मशिनांसाठी नको, असं मी म्हणालो. त्या पैशांत फाइल सर्व्हरला एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान, डिस्का येतील आणि चौदाची पाच-सहा मिनिटं होतील. मात्र मेमरी कार्डं रिकामी करणारे चार संगणक खऱ्या गिगाबिट केबलीनेच जोडलेले आहेत, त्यांचे फोटो वर चढायला लागायचा तेवढाच वेळ लागणार. तिथे स्विचचा विचार करता येईल, पण मग त्या चारही संगणकांना आणि सर्व्हरलाही १० गिगाबिटची कार्डं घ्यावी लागतील, आणि ती कोटेशनमध्ये धरलेली नाहीत.

त्यांनी कोटेशन पालथं करून मागच्या कोऱ्या बाजूवर एनव्हीएमईची किंमत लिहून घेतली. मुलाला मी एक काम देऊन निघालो: हा सर्व्हर जाऊन पुढे कधी दोन सर्व्हर आले आणि ही मशिनं वेगवेगळ्या पेट्यांत गेली, तर आतल्या ब्रिजला बाहेर जायला तारच नाही, जोडणी तुटेल. ते होस्टच्या नोंदींच्या रकान्यात आजच लिहून ठेव. त्याने लिहिलं, आणि खाली स्वतःहून आणखी एक ओळ जोडली: परिच्छेद कॉपी करू नये, दादांनी केला होता.